शाळा कुरणात गेली तेव्हा

एकलहरे हे नाव उच्चारले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात त्या तेथील औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या. गोदावरीच्या काठी वसलेल्या या गावाच्या शिवारात इ. स. १९७०-७१ मध्ये प्रत्येकी १४० मेगावॅट क्षमतेचे दोन संच उभे राहिले आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच त्यांना येऊन मिळाले. पहिली जोडी आता निवृत्त झाली आहे. परंतु केंद्राभोवती वसाहत वाढली, वसाहतीबरोबर मुले वाढली, आणि त्या मुलांना कोळशापासून वीज कशी होते हे शाळेत शिकविले जाऊ लागले. मराठी भाषेची गंमत अशी की, धूर ओकणारी तीही चिमणी आणि अंगणात दाणे टिपणारी तीही चिमणीच. वसाहतीतल्या मुलाला पहिल्या चिमणीची उंची विचारली तर तो चटकन सांगतो. दुसऱ्या चिमणीतला नर कोणता आणि मादी कोणती, हे विचारले तर गप्प राहतो. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, एवढे पाहायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. लागते ती केवळ पाहण्याची सवय.

ही सवय शाळेत लागू शकते का, आणि त्यासाठी सजीव प्राणी वर्गात आणावेत का, असा प्रश्न आमच्या परिचयाचे शिक्षक व पालक अधूनमधून विचारतात. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे असे आम्हांस वाटते. कारण आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नावर शंभरहून अधिक वर्षे निरनिराळ्या माणसांनी हात घालून पाहिला आहे, आणि त्यांची उत्तरे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत.

प्रारंभ चिमणीपासूनच करू. इ. स. १९०८ च्या सुमारास मुंबईतील एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीची चिमणी अशी नसते, हे मुलाच्या ध्यानी आले. त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी स्वतः उत्तर न देता त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि त्याखेरीज कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखविले. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावातही ती चिमणी कायमची जाऊन बसली आहे.

या सोसायटीची स्थापना इ. स. १८८३ मध्ये झाली, आणि तिचे कार्यालय त्या काळी मुंबईच्या अपोलो स्ट्रीटवर होते. सलीम अलींनी पाहिलेले पक्षी निष्प्राण होते. परंतु त्याच कार्यालयात मिलार्ड यांच्या खुर्चीमागे एक जिवंत पक्षीही राहत असे. तो होता धनेश जातीचा भला थोरला पक्षी. इ. स. १८९४ मध्ये कारवारकडून तो पिल्लू असताना आला आणि सुमारे २६ वर्षे तेथे राहिला. त्याचे नाव विल्यम. मोठ्या चोचीचा, पिवळ्याधमक शिरस्त्राणाचा हा प्राणी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा लाडका झाला आणि अखेर सोसायटीच्या बोधचिन्हावर जाऊन बसला. परंतु त्याच्या आयुष्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धनेश हा उंच वृक्षांच्या अरण्यात राहणारा, वडा-उंबरांची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरविणारा पक्षी. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला फटीतून चारा भरवितो. विल्यमच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. इ. स. १९२० मध्ये तारेचा एक तुकडा गिळल्याने तो मेला. ज्यांनी त्याला जपले ते पक्ष्यांवर प्रेम करणारे, जाणते लोक होते. तरीही अरण्यात जी वस्तू त्याच्या चोचीखाली कधी आली नसती, ती कार्यालयात आली. प्राण्याला माणसाच्या खोलीत आणण्याचे हे पहिले उत्तर. त्यातून लोकांना पाहण्याचा आनंद मिळाला. पण त्याचा भार पक्ष्याने वाहिला.

दुसरे उत्तर शिक्षणशास्त्राकडून आले. इ. स. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतील लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, खरखरीत अक्षरे सर्वांना माहीत असतात. परंतु आपल्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात त्यांनी वनस्पती व प्राणी यांच्या संगोपनाला एक स्वतंत्र प्रकरण दिले होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. मुलाला शिक्षक सांगतात म्हणून काम करावयाचे असते तेव्हा शिक्षकाची पाठ वळली की काम थांबते. परंतु कुंडीतले रोप पाण्यावाचून कोमेजते, पिलू दाण्यावाचून ओरडते. तेथे आज्ञा देणारा शिक्षक नसून गरज असलेला जीव असतो. त्यातून मूल आगाऊ विचार करायला शिकते. आणि अंड्यातून पिलू बाहेर येण्याची वाट पाहताना ते थांबायलाही शिकते. थांबणे हे विज्ञानाचे अर्धे अंग आहे.

माँटेसोरी बाई इ. स. १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहिल्या. परंतु त्यांचे विचार त्यांच्या आधीच येथे पोचले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी इ. स. १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, आणि काही वर्षांतच ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म मुंबईचा, इ. स. १८९२ चा. या दोघांनी बालशिक्षणाचा विचार गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत पसरविला. मात्र ताराबाईंना पुढे एक शल्य टोचू लागले. बालमंदिरे शहरांतील सुखवस्तू घरांतील मुलांची होत होती. साधने महाग होती. खेड्यातील मूल या साऱ्याबाहेरच राहत होते.

म्हणून इ. स. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांना साथ दिली अनुताई वाघ यांनी. अनुताईंचा जन्म इ. स. १९१० चा. बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य असा आघात सोसून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या; आरंभीच्या काळात त्यांनी आपल्या नाशिक जिल्ह्यातही अध्यापन केले. या दोघींनी बोर्डीला विकतची साधने बाजूला ठेवली आणि शिंपले, बिया, चिंचोके, काटक्या, माती यांतून गणित व निसर्ग शिकविण्याचा मार्ग धरला. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्या वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. त्यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि तो शब्द रूढ झाला. इ. स. १९७५ मध्ये केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तोच शब्द उचलला आणि आज तो देशाच्या खेडोपाडी ऐकू येतो.

इ. स. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. सभोवती वारली समाजाचे पाडे. येथे नवीनच अडचण उभी राहिली. बालवाडीच्या वयाची मुले एकवेळ येत. परंतु थोडी मोठी झालेली मुले शाळेच्या वेळात गुरे घेऊन रानात जात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होई. कोणताही सामान्य शाळाप्रमुख अशा वेळी पालकांना दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाई व अनुताई यांनी प्रश्न उलटा केला. मूल जेथे आहे तेथे शाळा नाही, मग गैरहजर कोण? आणि त्यांनी शाळाच कुरणात नेली. हीच ती प्रसिद्ध ‘कुरणशाळा’.

गुरे चरत आहेत, मुलांचे एक लक्ष त्यांच्याकडे आहे, आणि झाडाच्या सावलीत शिक्षक त्यांना शिकवीत आहेत, असे तिचे स्वरूप होते. वरवर पाहता ही एक सोय होती. परंतु विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने तिच्यात फार मोठी गोष्ट घडली होती. वर्गात प्राणी आणावा की नाही हा प्रश्नच तेथे उरला नाही. प्राण्यांच्या वर्गात शाळा गेली होती. गुरे राखणाऱ्या मुलाला कोणते गवत गुरे आवडीने खातात आणि कोणत्याला तोंड लावीत नाहीत, रवंथ केव्हा सुरू होते, आजारी जनावर कळपापासून कसे बाजूला उभे राहते, गायीच्या पाठीवर बसणारा बगळा काय टिपतो, हे सारे ठाऊक असते. हे ज्ञान निरीक्षणातून आलेले, पडताळून पाहिलेले असते. म्हणजे ते विज्ञानच होय. उणीव एवढीच की, त्या ज्ञानाला शब्द, संख्या आणि लेखन यांची जोड मिळालेली नसते. ती जोड देणे हे शाळेचे काम. ज्या शाळेला हे उमजत नाही ती मुलाला प्रथम अडाणी ठरविते आणि मग त्याला शहाणे करण्याचा आव आणते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मुलाने गुरे राखणे ही बालमजुरीच नव्हे काय, आणि कुरणशाळेने तिला मान्यताच दिली नाही काय? इ. स. २००९ मध्ये संसदेने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल शाळेत असावे हा आता त्याचा हक्क आहे, आणि तो आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. कुरणशाळा हा त्या काळातील दारिद्र्याशी केलेला व्यवहार होता. दारिद्र्य कायम राहावे अशी तिची इच्छा नव्हती. परंतु हक्काने शाळेत आलेल्या मुलाने आपले रानातले ज्ञान दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावे, असे कायदा कोठेही सांगत नाही. ताराबाईंना इ. स. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, इ. स. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. अनुताईंनी इ. स. १९९२ मध्ये देह ठेवला. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आजही शाळेच्या दारात उभा आहे.

तिसरे उत्तर मध्य प्रदेशातून आले, परंतु त्यात मुंबईचाही हात होता. इ. स. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यांच्या पाठीशी होते. व्याख्या पाठ करणे बंद. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी प्रयोग करावा, नोंद करावी, वाद घालावा आणि निष्कर्ष स्वतः काढावा, अशी पद्धत. प्राण्यांचे जीवनचक्र शिकताना मुलांनी माशीची, डासाची, बेडकाची वाढ प्रत्यक्ष पाहावयाची. शेणावरील अंड्यांतून अळी आणि अळीतून माशी निघताना पाहिलेल्या मुलाला उघड्यावरील अन्न का खाऊ नये, हे निराळे सांगावे लागत नाही. इ. स. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पोचला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. तथापि त्याची बीजे उडून दूर पडली. याच कार्यक्रमात उमेदवारी केलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आले आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांपासून विज्ञानाची खेळणी करून त्यांनी महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या हाती विज्ञान दिले. मुंबईत इ. स. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले.

चौथे उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले अन्नतंत्रज्ञ. एका मोठ्या कंपनीतील संशोधनाचे वरिष्ठ पद सोडून त्यांनी इ. स. १९८३ मध्ये पाबळच्या माळरानावर विज्ञान आश्रम उभारला. हाताने काम करता करता बुद्धी वाढते, ही त्यांची श्रद्धा. त्यांनी शाळांसाठी सिद्ध केलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य यांच्या जोडीला शेती व पशुपालनालाही स्थान होते. कोंबड्या पाळावयाच्या त्या कौतुकासाठी नव्हे. खाद्य किती दिले, वजन किती वाढले, खर्च किती झाला आणि अंडी किती मिळाली, याचा हिशेब वहीत मांडावयाचा. इ. स. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले, त्यांचा आश्रम चालू आहे.

असा हिशेब किती रंजक असतो याचे एक उदाहरण देतो. गायीचे वजन काट्यावाचून काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळील हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून त्या गुणाकाराला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असेल तर उत्तर सुमारे २७३ किलो येते. वर्ग, गुणाकार, भागाकार, मोजमाप आणि अंदाजातील चूक ही पाच प्रकरणे एका गायीपाशी उभे राहून शिकता येतात. गाय मात्र शांत हवी, आणि टेप धरणारा मुलगा तिच्या ओळखीचा हवा!

या परंपरेत आपल्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचाही वाटा आहे. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे दोघे येशूसंघीय धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे पायी हिंडून तेथील वनस्पतींची समग्र नोंद केली, ती इ. स. १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुराही त्यांच्याकडे आली. कोसबाडच्या बाईंप्रमाणेच हे धर्मगुरूही वस्तूकडे चालत गेले. वस्तू आपल्या टेबलावर येण्याची वाट पाहत बसले नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चारही उत्तरे समोर ठेवली असता एक सूत्र हाती लागते. प्राण्याची रीत मोडून त्याला आपल्या खोलीत कोंबावे लागत असेल, तर तेथे मुलाला विज्ञान कमी आणि सत्ता अधिक शिकविली जाते. प्राण्याची रीत न मोडता त्याला पाहता येत असेल, सांभाळता येत असेल, तर ते शिक्षण अस्सल. या भेदाला आज कायद्याचाही आधार आहे. इ. स. १९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरतेने वागविणे हा गुन्हा ठरविला. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे किंवा तारांकित कासव पाळणे निषिद्ध आहे. वर्गाच्या शोभेसाठी हे प्राणी आणणाऱ्या शाळेने हे ध्यानी घ्यावे. महाविद्यालयांत बेडूक फाडून शिकण्याची प्रथाही आता मागे पडली आहे.

मग वर्गात काय ठेवावे? एक लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे रोप. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराची मोहरीहून लहान, पिवळसर अंडी सापडतात. तीन-चार दिवसांत अळी निघते. प्रथम ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; शत्रूने पाहूनही सोडून द्यावे, यासाठी तो वेष. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून तांबूस-केशरी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे कोष, आणि आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू. महिन्याभरात सारे चक्र पुरे होते. मुलांनी रोज लांबी मोजावी, चित्र काढावे, खाल्लेली पाने मोजावीत, आणि अखेरीस खिडकी उघडून फुलपाखरू सोडून द्यावे. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते. तिने अळीच्या शरीरात आधीच अंडी घातलेली असतात. त्या दिवशी मुले हिरमुसतात. त्यांना उगाच समजावू नये. काय घडले ते लिहावयास सांगावे. निसर्ग पाठ्यपुस्तकातील चित्राप्रमाणे वागत नाही, हा धडा त्यांना मिळालेला असतो.

एकलहऱ्यासारख्या ठिकाणी तर याहून जवळचा मार्ग आहे. एका बाजूस वसाहत, दुसऱ्या बाजूस शेतमळे. वसाहतीतील मुलाला संचांची भाषा कळते, मळ्यातील मुलाला शेळीची. दोघे एकाच बाकावर बसत असतील तर परिसर अभ्यासाच्या तासाला मळ्यातील मुलाला शिक्षक होऊ द्यावे. शेळीच्या वरच्या जबड्यात समोरचे दात का नसतात, हे त्याने सांगावे आणि इतरांनी दुसऱ्या दिवशी पाहून यावे. गोदावरीच्या खालच्या अंगाला निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. इ. स. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. शाळेच्या सहलीसाठी दूरच्या करमणूक उद्यानांची भाडी भरणाऱ्या पालकांनी हा पत्ताही ध्यानी ठेवावा.

धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती एवढीच की, मूल खिशात अळी घालून घरी आले तर प्रथम ओरडू नये. ती कशावर सापडली, हे विचारावे. त्याच झाडाची दोन पाने आणण्यास त्याला परत पाठवावे, आणि महिनाभर एक जुनी वही व एक भोके पाडलेला डबा त्याच्या स्वाधीन करावा. घरातील आजी-आजोबांनी गुरे राखली असतील तर त्यांना त्या वहीत दोन पाने सांगू द्यावीत. त्यांतील पुष्कळांची नावे हजेरीपटावर गैरहजर म्हणूनच राहिली होती. त्यांनी रानात मिळविलेली विद्या नातवंडांच्या वहीत एकदा तरी हजर लागावी.